साखर पास झाली होती, तरी झटका आला: आमच्या मामांच्या गोळ्यांचं प्रकरण

डिसेंबर २०२४, सकाळचे पावणेसात. मामा ओट्यावर बसून बशीतनं चहा पीत होते आणि बशी हातातनं सुटली. फुटली नाही, स्टीलची होती, पण चहा सगळा धोतरावर. मामी म्हणाली अहो काय हे, तर मामांना उत्तर देता येईना, जीभ जड, "काय नाय" एवढंच पण तेही दारू प्यायल्यासारखं. उजवा हात मांडीवर पडलेला, उचलायला गेले की अर्ध्यातनं खाली.

मामीला वाटलं साखर उतरली. आणि तसं वाटणं चुकीचं पण नव्हतं बरं का, कारण मामांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होती आणि त्या गोळीनं साखर धाडकन खाली आली की माणूस सेम असाच दिसतो, बोबडं बोलतो, हातपाय सोडतो. तिनं चमचाभर साखर तोंडात घालायची तयारी केली आणि मला फोन लावला. मी दोन गल्ल्या सोडून राहते, गेली सोळा-सतरा वर्षं बार्शीत मेडिकलवर बसतेय, बी. फार्म झालेय, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाची प्रिस्क्रिप्शन माझ्याच टाळक्यात. म्हटलं मामी थांब, तोंडात काही घालू नकोस, बोलता येत नाही त्याला गिळता पण येत नसतं कधीकधी, आधी मशीन लाव. मशीनवर १६८. म्हणजे साखर उतरलेली नाही. मग हे दुसरंच काहीतरी.

मी पोचेपर्यंत वीसेक मिनिटं गेली असतील आणि मामा ठणठणीत! हात वर करून दाखवतायत, भाचीला शिव्या देतायत की पोरी उगाच गाव गोळा केलंस. इथंच बहुतेक घरांत सगळे परत आपापल्या कामाला लागतात. मिनी स्ट्रोक म्हणतात तो हाच, मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडतो आणि परत सुरू होतो, आणि तो येऊन गेला की खरा झटका यायची शक्यता पुढच्या आठवड्यात, त्यातही पहिल्या दोन दिवसांत, सगळ्यात जास्त असते. गाडी काढली आणि सोलापूर गाठलं. रस्ताभर मामांचं एकच, "माझी साखर तर पास झालीय, गेल्याच महिन्यात तपासलीय."

हे वाक्य पुढे फार महत्त्वाचं ठरलं म्हणून इथं लिहून ठेवते.

आता माणूस कोण ते सांगते. वय ६३, एसटीतनं कंडक्टर म्हणून रिटायर, डायबेटिस १४ वर्षं, वजन ८४ किलो, उंची १६६. सगळं वहीत लिहायची सवय, आयुष्यभर वेबिल भरलं ना, तशीच साखरेची वही, तारीख, वेळ, उपाशी, जेवणानंतर, लाल पेन निळा पेन. त्या वहीत साखरेचे रकाने चौदा वर्षांचे आणि बीपीचा रकाना एकही नाही. एचबीएवनसी ७.४, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी बरीच चांगली. गोळ्या म्हणजे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली सकाळ-संध्याकाळ, विल्डाग्लिप्टिन दोनदा, आणि बीपीची टेल्मिसार्टन ४०, जी "डोकं दुखलं तर" घ्यायची असा त्यांचा स्वतःचा नियम. कोलेस्टेरॉलची गोळी पाय दुखतात म्हणून दोन वर्षांपूर्वी बंद, आणि मला न सांगता बंद. मी दर महिन्याला स्ट्रिप देत होते आणि ते कपाटात साठवत होते, त्या दिवशी मामीनं डबा काढला तर बावीस स्ट्रिपा निघाल्या.

सोलापूरला एमआरआय झाला. नवीन डाग नाही पण जुने दोन बारीक डाग, कधी झाले पत्ता नाही. मानेच्या डॉपलरमध्ये (नसांची सोनोग्राफी) डावीकडच्या रक्तवाहिनीत थर जमलेला, ऑपरेशन लागेल इतका नाही. ईसीजी आणि इको ठीक. बीपी १५८/९२. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ११८. लघवीत प्रोटीन किंचित.

पहिल्या दिवशीची ट्रीटमेंट सगळ्यांना माहीत असते तीच, दोन रक्त पातळ करायच्या गोळ्या २१ दिवस आणि मग एकच, कोलेस्टेरॉलची अटोरवास्टॅटिन ४०, बीपीची गोळी वाढवून सोबत अम्लोडिपिन. यावर जास्त लिहीत नाही. पण जाता जाता एक आकडा सांगतेच कारण तो मला कॉलेजपासून पाठ आहे, इंग्लंडमध्ये डायबेटिसच्या पेशंटवर यूकेपीडीएस म्हणून मोठा अभ्यास झाला त्याचे निकाल १९९८ ला आले, त्यात बीपी कडक ठेवलेल्यांचं सरासरी १४४/८२ आणि सैल सोडलेल्यांचं १५४/८७, फक्त दहा पॉइंटचा फरक आणि स्ट्रोक ४४ टक्क्यांनी कमी. म्हणून पुढे मी इंजेक्शनाबद्दल कितीही कौतुकानं लिहिलं तरी घरातलं सगळ्यात तगडं औषध ती "डोकं दुखलं तर" वाली टेल्मिसार्टनच होती.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डायबेटिसच्या गोळ्यांचा विषय काढला. मामा म्हणाले साखर तर चांगली आहे मग गोळ्या कशाला बदलायच्या? आणि खरं सांगू का, मेडिकलवर बसून मलाही क्षणभर तेच वाटलं. ७.४ असताना छेडछाड कशाला.

डॉक्टर म्हणाले साखर चांगली आहे म्हणूनच आता दुसरा प्रश्न विचारू. ही साखर कुठल्या गोळीनं खाली आणलीय आणि ती गोळी साखर उतरवण्यापलीकडे मेंदूच्या नसांसाठी काही करते का?

इथं थोडं मागे जावं लागेल, आणि ते माझ्या डोळ्यासमोर घडलंय म्हणून सांगायला मजा येते. २००७ मध्ये रोझिग्लिटाझोन या डायबेटिसच्या गोळीवर आरोप झाला की साखर तर मस्त उतरते पण हार्ट अटॅक वाढतात. साखर कमी करणारं औषध हृदयाला मारक असू शकतं हे पचायलाच जड होतं. मग २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या तिथल्या सरकारी खात्यानं, सांगितलं की यापुढे डायबेटिसचं नवीन औषध आणायचं तर हृदयाला, नसांना अपाय नाही हे दाखवावं लागेल. त्याच वर्षी ॲकॉर्ड नावाच्या अभ्यासात दहा हजारांवर लोकांपैकी निम्म्यांची साखर जबरदस्तीनं एचबीएवनसी सहाच्या खाली न्यायचा प्रयत्न चालला होता, तिथे मृत्यू वाढले म्हणून तो भाग मध्येच थांबवावा लागला. आपल्याकडे रोझिग्लिटाझोन २०१० मध्ये बंद झाली. तर या भीतीपोटी जे मोठमोठे प्रयोग सुरू झाले ते होते "अपाय नाही ना" हे बघायला, आणि त्यातल्या काहींत निघाला चक्क फायदा. कोणी शोधायला गेलं नव्हतं.

आता मामांच्या गोळ्या एकेक करून या चाळणीतनं काढू.

ग्लिमेपिराइडची लिनाग्लिप्टिनशी समोरासमोर कुस्ती लावली होती, कॅरोलिना नावाचा अभ्यास, २०१९ ला छापला, सहा हजार लोक, सहा वर्षं. हार्ट अटॅक-स्ट्रोकच्या बाबतीत बरोबरी. पण साखर खाली जायचे प्रकार ग्लिमेपिराइडवाल्या १०० पैकी ३८ जणांना आणि लिनाग्लिप्टिनवाल्या ११ जणांना. म्हणजे मामीला जी शंका आली ती का आली ते कळलं ना? आणि ग्लिप्टिन घराण्याचं (लिनाग्लिप्टिन आणि मामांची विल्डाग्लिप्टिन त्यातल्याच) म्हणाल तर मोठ्या प्रयोगांत त्यांनी स्ट्रोक ना वाढवला ना कमी केला. सालस औषध, पण या कामाचं नाही. मेटफॉर्मिनला कोणी हात लावला नाही, ती स्वस्त आहे, जुनी आहे, वजन वाढवत नाही, राहू दे म्हणाले.

म्हणजे चार गोळ्यांनी साखरेचा पेपर पास, पण स्ट्रोकचा पेपर मामांनी दिलेलाच नव्हता.

डॉक्टरांनी तीन पर्याय मांडले आणि हा भाग मी जरा तब्येतीनं लिहिणार आहे.

पहिला पायोग्लिटाझोन. नाव ऐकल्यावर मी खुर्चीत सावरून बसले. जून २०१३ मध्ये केंद्र सरकारनं या गोळीवर स्थगिती आणली होती, मूत्राशयाच्या कॅन्सरची शंका म्हणून, फ्रान्सनं २०११ लाच बंद केलेली. मला आठवतंय आमच्या दुकानात आम्ही फळीवरच्या सगळ्या स्ट्रिपा काढून एका खोक्यात भरल्या, वर मार्करनं "विकू नये" लिहिलं, आणि गिऱ्हाईक भांडतंय की दहा वर्षं खातोय आजच विष झाली का. जुलै संपता संपता स्थगिती उठली, डब्यावर ठळक इशारा छापायच्या अटीवर, आणि खोकं परत फळीवर रिकामं झालं. पण तेव्हापासून गोळीचं नाव जे बिघडलं ते बिघडलंच, घेणाऱ्यांच्या डोक्यात अजून ते "बंद झालेलं औषध" आहे.

आणि गंमत बघा, स्ट्रोक एकदा येऊन गेलेल्या माणसाला परत येऊ नये यासाठी पुरावा याच बदनाम गोळीचा आहे. २००५ च्या प्रोॲक्टिव्ह अभ्यासात आधी स्ट्रोक झालेले ९८४ डायबेटिसवाले होते, त्यांच्यात परत स्ट्रोक गोळीवाल्यांना ५.६ टक्के आणि नुसत्या खोट्या (आत औषध नसलेल्या) गोळीवर असणाऱ्यांना १०.२ टक्के. हा मूळ अभ्यासाचा एक तुकडा, मूळ निकालात मुख्य आकडा काही सिद्ध झाला नव्हता, म्हणून यावर उड्या मारायच्या नसतात. पण २०१६ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या लोकांचा, याच गोळीवरचा आयरिस अभ्यास आला. तो तर अजून वेगळा, ३८७६ माणसं, सगळ्यांना स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक झालेला, आणि डायबेटिस एकालाही नाही! फक्त इन्सुलिन नीट लागू पडत नाही अशी शरीरं. पावणेपाच वर्षांत स्ट्रोक किंवा हार्ट अटॅक खोट्या गोळीवर ११.८ टक्के, पायोग्लिटाझोनवर ९. साखरेची गोळी साखर नसलेल्या माणसांना दिली आणि झटके कमी झाले. मला तरी यापेक्षा स्वच्छ उदाहरण माहीत नाही की हा फायदा साखरेच्या आकड्यातनं येत नसतो.

मग दिली का मामांना? नाही. त्याच आयरिसमध्ये निम्म्यांहून जास्त लोकांचं वजन साडेचार किलोच्या वर वाढलं (खोट्या गोळीवर पण तिघांत एकाचं वाढलं म्हणा), पाय सुजायचे प्रकार जास्त, आणि ऑपरेशन किंवा ॲडमिट लागेल अशी हाडं मोडणं ३.२ वरून ५.१ टक्के. हार्ट फेल असेल तर ही गोळी नकोच असते. मामा ८४ किलो, गुडघे आधीच बोंबलतायत, अम्लोडिपिननं घोट्यावर सूज यायला लागलेली. डॉक्टर म्हणाले दुसरं काही परवडलं नाही तर कमी डोसात हिचा विचार करू, गोळी स्वस्त आहे आणि तिला मी बाद केलेली नाही.

दुसरा पर्याय ग्लिफ्लोझिन, लघवीतनं साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन. पुण्याचा मामेभाऊ यावरच अडून बसला होता, कुठल्यातरी रीलमध्ये बघितलं होतं की हृदयाला बेस्ट. खोटं नाही. २०१५ चा एम्पाग्लिफ्लोझिनचा अभ्यास, सात हजार पेशंट, हृदयविकारानं मृत्यू ३८ टक्के कमी, हार्ट फेलनं ॲडमिट होणं ३५ टक्के कमी. पण स्ट्रोक? तिथे काही कमी झालं नाही. "हृदयाला चांगलं ते मेंदूला चांगलं" हे नेहमी लागू पडत नाही, आणि हे त्याला फोनवर समजावता समजावता माझं निम्मं दुकान उघडायचं राहिलं.

तिसरा पर्याय आठवड्याचं इंजेक्शन, जीएलपी-वन घराणं, म्हणजे जेवल्यावर आतड्यातनं सुटणाऱ्या त्या नावाच्या हार्मोनची नक्कल. याच्यात सेमाग्लुटाइड, ड्युलाग्लुटाइड वगैरे. २०१६ च्या सेमाग्लुटाइडच्या सस्टेन-सिक्स अभ्यासात ३२९७ लोकांत जीव न घेणारा स्ट्रोक २.७ वरून १.६ टक्के. २०१९ चा रिवाइंड हा अभ्यास ड्युलाग्लुटाइडचा, ९९०१ लोक, पाच वर्षांवर चाललेला, स्ट्रोक ४.१ वरून ३.२ टक्के. जाहिरातीत लिहितात "स्ट्रोक २४ टक्के कमी", बरोबर आहे, पण मी मामीला असं सांगितलं की १००० माणसं पाच वर्षं दर आठवड्याला टोचून घेतील तेव्हा साधारण नऊ जणांचा झटका वाचेल. मामी म्हणाली, "एवढ्याचसाठी एवढे पैसे?" मग मी सांगितलं की रिवाइंडमध्ये बहुतेकांना आधी काही झालेलं नव्हतं, मामा आधीच धोक्याच्या रांगेत पुढे आहेत, पुढे असणाऱ्याचा फायदा जरा जास्त धरायला हरकत नाही. किती जास्त ते मात्र कोणी लिहून देत नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या पहिला स्ट्रोक टाळायच्या मार्गदर्शक सूचना आल्या त्यात डायबेटिस आणि हृदय-नसांचा धोका जास्त असलेल्यांना हे औषध द्या असं स्पष्ट लिहिलंय.

सेमा का ड्युला यावर अर्धा तास गेला, आणि निर्णय झाला डोळ्यांवरून. सस्टेन-सिक्समध्ये सेमाग्लुटाइडवाल्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचे त्रास वाढले होते, ३ टक्के विरुद्ध १.८, विशेषतः आधीच पडदा खराब असलेल्यांत आणि साखर झपकन उतरली तेव्हा. मामांचा पडदा तपासला तर सुरुवातीचे बारीक बदल निघाले. मग ड्युलाग्लुटाइड, ०.७५ नं सुरू, चार आठवड्यांनी १.५. ग्लिमेपिराइड आधी अर्धी आणि मग बंद. विल्डाग्लिप्टिन त्याच दिवशी बंद, कारण दोन्ही औषधं एकाच वाटेनं काम करतात, एकावर एक देण्यात अर्थ नाही.

आता गोंधळ. जानेवारीत मामा गावातल्या नेहमीच्या डॉक्टरकडे बीपी दाखवायला गेले, तिथे जुनाच कागद समोर ठेवला गेला आणि परत विल्डाग्लिप्टिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही लिहून आली. माझ्याच काउंटरवर तो कागद आला म्हणून पकडला गेला. दुसऱ्या दुकानात गेला असता तर तिथला पोरगा निमूटपणे देऊन मोकळा झाला असता, त्याला काय माहीत इंजेक्शन चालू आहे, इंजेक्शन तर सोलापूरच्या कागदावर. तेव्हापासून मामांच्या वहीच्या पहिल्या पानावर "बंद केलेल्या गोळ्या" अशी लाल पेनानं यादी आहे आणि वही न घेता दवाखान्यात जायचं नाही असा नियम आहे.

तिसऱ्या टोचणीनंतर हुरडा पार्टी आली. सोलापूर जिल्ह्यात जानेवारीत माणसाला हुरड्याला जाऊ नको म्हणणं म्हणजे वैर घेणं. मी सांगितलं होतं, पोट लवकर भरतं, हळू खा, निम्मं खा. मामा आगटीजवळ बसले, गरम हुरडा, शेंगाचटणी, वर गूळ, दही, आणि नेहमीच्या हिशोबानं चेपलं. रात्री तीन उलट्या. दुसऱ्या दिवशी "हे इंजेक्शन आपल्याला सोसत नाही, बंद." दोन दिवस समजूत घालण्यात गेले. मग दोन भाकरीवरचा माणूस दीडवर आणि पुढे एकवर आला, फक्त मी मागे लागून रोज दोन अंड्यांचं पांढरं आणि एक वाटी मटकी सुरू ठेवली, नाहीतर वजनाबरोबर दंडाचं मांस पण उतरतं.

आणि फ्रीज. एप्रिलमध्ये मामीनं इंजेक्शनचं एक पेन वर बर्फाच्या कप्प्यात ठेवलं, जास्त थंड म्हणजे जास्त टिकेल म्हणून. गोठलेलं इंजेक्शन फेकायचंच असतं, परत वितळवून वापरायचं नसतं. ते कचऱ्यात टाकताना तिचा चेहरा बघवत नव्हता, तिच्या हिशोबात ते एका महिन्याचं दूध होतं. आता पेनं दाराच्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात. बाहेरगावी जाताना तीस डिग्रीच्या आत १४ दिवस चालतं, पण आमच्याकडे मे महिन्यात घरातच चाळीस, म्हणून थर्मास.

ऑक्टोबर २०२५ चे आकडे असे आहेत. वजन ७८.५. एचबीएवनसी ६.६, ग्लिमेपिराइडशिवाय. बीपी १२८/७८. एलडीएल ६२, अटोरवास्टॅटिन चालू आहे आणि पाय आता दुखत नाहीत म्हणे, वजन उतरलं म्हणून की मनातलं दुखणं गेलं म्हणून, देव जाणे. परत झटका नाही. पण दहा महिने झटका आला नाही याचं श्रेय इंजेक्शनाला द्यायला मी तयार नाही, एका माणसावरनं असं काही सांगता येत नाही, आणि इथे तर बीपी, कोलेस्टेरॉल, ॲस्पिरिन, वजन सगळंच एकदम बदललंय. लघवीतल्या प्रोटीनसाठी गणपतीनंतर डापाग्लिफ्लोझिन १० पण सुरू झालीय, म्हणजे मामेभावाचं रील शेवटी कामाला आलं, फक्त किडनीसाठी.

मामांच्या वहीत आता बीपीचा रकाना आहे, निळ्या पेनानं. साखर आठवड्यातनं दोनदाच.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. महिन्याला काही हजार जातात आणि एसटीच्या माणसाची पेन्शन किती असते ते ज्याला माहीत त्याला माहीत. भारतातलं सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचं होतं, देशी कंपन्या टपून बसल्या होत्या, भाव उतरेल असं आमच्या होलसेलवाल्यापासून सगळे म्हणत होते. मामी तर दर आठवड्याला विचारायची आला का मार्च. पण ड्युलावरनं सेमावर जायचं तर परत तोच डोळ्याच्या पडद्याचा प्रश्न, म्हणून जानेवारी २०२६ मध्ये आधी डोळे दाखवायचे आणि पडदा आहे तसाच असला तरच बदलायचं, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं.